वाळू दे जरा

परवा रविवारी दुपारी आइस हॉकीची मॅच बघायला रिंकवर बसलो होतो, एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला लेक, मांडीवर धाकटा, सगळे एकमेकांना चिकटून कारण थंडी, आणि दुसरा पीरियड संपल्याचा भोंगा वाजला तशी आजूबाजूची निम्मी माणसं पाय मोकळे करायला उठली. मी उठत नाही. बायको म्हणते तू मॅच बघायला येतोस का गाडी बघायला? आता काय सांगायचं. गाडीच.

गाडी म्हणजे झँबोनी, रिंकवरचा बर्फ खरवडून सारखा करणारी. कोपऱ्यातलं दार उघडतं आणि ती हत्तीसारखी डुलत आत येते. वीस मिनिटं स्केटांनी ओरबाडून ओरबाडून बर्फाची पार दशा झालेली असते, आणि ही बया मात्र काही झालंच नाही अशा थाटात कडेकडेने फिरायला लागते. पुढे पांढरं, खरडलेलं, आणि मागे तिच्याच रुंदीचा काळपट चकचकीत पट्टा. त्या पट्ट्यात छतावरचे दिवे दिसतात. पोरं हात हलवतात, चालवणारा काका एक बोट वर करतो, बास, तेवढंच. एखादी बारीक पट्टी सुटली की माझा जीव वरखाली होतो. अहो राहिलं ना तिथे! मग पुढच्या फेरीत तो ती बरोब्बर घेतो, आणि मला उगाच हलकं वाटतं.

ती मागे सोडते ते पाणी गरम असतं हे मी बायकोला निदान पाच वेळा सांगितलंय. गरम पाण्याने वरचा थर जरासा वितळतो, चरे भरून निघतात आणि नवं-जुनं नीट एकजीव होऊन गोठतं. सहाव्यांदा सांगायला तोंड उघडलं तर तिने टोपी कानावर ओढून घेतली.

हे वेड कुठून आलं ते मला माहितीये. लहानपणी आई फरशी पुसायची तेव्हा आम्हा भावंडांना कॉटवर चढवून ठेवायची आणि उलटी उलटी सरकत दारापर्यंत जायची. वाळेपर्यंत खाली पाय ठेवायचा नाही. ती ओली फरशी, त्यात खिडकीचं उलटं प्रतिबिंब, पंखा फुल्लवर, आणि आम्ही तिघं कॉटवर बेटावर अडकल्यासारखे. कडेने वाळत वाळत ओला डाग लहान होत जायचा, त्यावर पैजा लागायच्या. धाकटा भाऊ दर वेळी कडेला बसून अंगठा टेकवायचा. नुसता अंगठा. आणि आईला आतल्या खोलीतून कळायचं! कसं ते आजपर्यंत कोणाला उलगडलेलं नाही.

त्यामुळे ब्रेकनंतर पहिला खेळाडू त्या आरशावर उतरतो आणि चर्रकन पहिला ओरखडा पडतो तेव्हा आजूबाजूला टाळ्या आणि माझ्या कपाळावर आठी.

ज्याच्या नावाची ही गाडी तो फ्रँक झँबोनी, कॅलिफोर्नियातला. भावाबरोबर बर्फाच्या लाद्या करून विकायचा, मग घरोघरी फ्रीज आले आणि लाद्यांना गिऱ्हाईक राहिना, तेव्हा बर्फातलंच काहीतरी करायचं म्हणून रिंक काढलं. तिथे माणसं लावून बर्फ सारखा करायला तासाभराच्या वर जायचा, या पठ्ठ्याने खटपटी करून करून १९४९ मध्ये गाडी उभी केली. मला यातलं आवडतं ते हे की त्याला खेळाचं काही पडलेलं होतं असं दिसत नाही. फरशी स्वच्छ हवी होती.

मॅच पण बघतो हो. म्हणजे बघायचा प्रयत्न करतो. पक दिसत नाही ही माझी जुनी तक्रार. तीन इंच व्यासाची, इंचभर जाडीची रबराची काळी चकती, ती कुठे होती ते कळतं, कुठे आहे ते नाही. लेक म्हणते बाबा पककडे बघूच नका, खांदे कुठे वळतात ते बघा. नऊ वर्षांची आहे. मागे एक पक काचेवरून उडून आमच्या रांगेत पडला तो तिने घरी आणला, आणि पक उसळू नये म्हणून मॅचआधी गोठवून ठेवतात हे तिला कुठूनतरी कळल्यापासून तो आमच्या फ्रीझरमध्ये कायमचा मुक्कामाला आहे. काढायचा नाही. लागला तर?

आणि लोकल मॅचची गंमत म्हणजे बर्फावरची माणसं ओळखीची. सकाळी लायब्ररीत पोराची पुस्तकं परत करायला रांगेत उभा असलेला, सगळ्यांना आधी जाऊ देणारा तो बुजरा माणूस, तोच संध्याकाळी पॅड चढवून गोलपोस्टच्या तोंडात कपाटाएवढा उभा. आमच्यापासून चार फुटांवर दोघं रिंकच्या कडेच्या बोर्डवर असे आदळतात की धाकटा मांडीवर दचकतो, आणि वळून बघतो तर तेच दोघं पेनल्टी बॉक्समध्ये आपापली दोन मिनिटं मोजत, शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे.

एकदा आईला घेऊन गेलो होतो. माझं जाकीट, बायकोचे मोजे, लेकीची टोपी असं सगळं घालून ती बसली. खेळाकडे फारसं लक्ष नव्हतं, सगळं लक्ष गोलीवर, म्हणजे गोलकीपरवर. याला मारतायत का हे? म्हटलं आता निदान मुखवटा तरी असतो, पूर्वी तोही नसायचा. जाक प्लांट नावाच्या गोलीच्या तोंडावर १९५९ मध्ये न्यूयॉर्कला पक बसला, टाके घालून आला आणि म्हणाला मुखवट्याशिवाय उतरणार नाही, तिथून पुढे हे रूढ झालं. आई जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, आणि तोवर यांच्या आया काय करत होत्या?

मग भोंगा वाजला आणि गाडी आली. आई सरळ होऊन बसली. शेवटच्या फेरीपर्यंत एक अक्षर नाही. गाडी बाहेर गेली, दार लागलं, खेळाडू रांगेत उभे राहिले तशी माझ्या बाहीला धरून म्हणाली, ‘‘लगेच सोडू नका म्हणावं त्यांना. वाळू दे जरा.’’

परवा मॅच संपल्यावर नेहमीसारखे मागच्या बाजूने बाहेर पडलो. गाडीने खरवडलेला बर्फ तिथे आणून ओततात, त्याचा ढीग असतो, बाहेर चांगलं ऊन आणि तरी हा ढीग. पोरं त्यात चढली, कोपरापर्यंत हात घातले, गाडीत बसेपर्यंत चारही बाह्या ओल्या. घरी पोचतो तोच आईचा फोन. कोण जिंकलं रे?

मी बायकोकडे बघितलं, बायकोने लेकीकडे. लेक फ्रीझर उघडून पक आहे ना बघत होती.