उन्हवऱ्याचं गरम पाणी आणि बाराटांगचा चिखल

दापोलीजवळच्या हर्णैचा मासळीलिलाव आणि कर्द्याच्या वाळूत रुतलेल्या गाड्या यांवर सगळ्यांनीच लिहून झालंय, ते सोडतो. रिसॉर्टवाल्याने रात्री बारापर्यंत लावलेल्या डीजेबद्दलही गप्प बसतो.

पन्हाळेकाजीची लेणी बघून उन्हवऱ्याच्या कुंडावर गेलो. सोबत एक काका होते, सगळी नोकरी तेलशोधात गेलेली. पाय सोडून बसलो आणि विचारलं, "काका, खाली ज्वालामुखी आहे का हो?"

"इथला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झाला. हे पावसाचंच पाणी, भेगांतून खोल जाऊन तापून येतं. क्षार आणतं, बाकी काही नाही. खालची खबर हवी तर चिखल पाहिजे."

मग गप्पांची गाडी अंदमानला गेली. तिथल्या बाराटांग बेटावर चिखलाचे ज्वालामुखी आहेत. खोलवरच्या मऊ मातीच्या थरात पाणी आणि मिथेन कोंडतात, दाब वाढतो आणि माती भेगेतून वर येते. येताना वाटेतल्या खडकांचे तुकडेही ओढून आणते. त्यात असतात फोरामिनिफेरा नावाच्या एकपेशीय सागरी जिवांची कवचं. कुठली जात कधी आली, कधी संपली हे ठाऊक असल्यामुळे, तेलविहीर न खणताही खाली कुठल्या काळाचे थर आहेत ते कळतं.

"पण सगळी खिचडी झालेली असणार ना?"

"असतेच! शिवाय जुनं कवच आधीच धुपून नव्या थरात जाऊन बसलेलं असू शकतं. म्हणून सुट्या चिखलावर विसंबायचं नाही. खडकाचा अख्खा तुकडा फोडायचा, त्यातली कवचं बहुतेक एकाच थराची."

संध्याकाळी आंजर्ल्याच्या खाडीवर काकांनी पिशवीतून चाळणी काढली, ६३ मायक्रॉनची. मूठभर गाळ बराच वेळ धुतला. उरलेली चिमूटभर वाळू काळ्या कागदावर पसरून भिंग माझ्या हातात दिलं. आधी नुसते कण दिसले. मग त्यातला एक पांढरा कण गोगलगाईसारखा वळलेला निघाला, आत एकामागोमाग एक वाढत गेलेले कप्पे. शेजारी आणखी एक. किनाऱ्यावर इतक्यांदा आलो, पायाखाली हे असतं याचा पत्ताच नव्हता. जेवायला हाका येत होत्या, मला उठवेना.

१९७४ साली सापडलेल्या मुंबई हायसारख्या समुद्रातल्या तेलक्षेत्रात विहिरीतून येणाऱ्या चुऱ्यात हेच बघतात, फक्त तिथे खणायला पैसे पडतात. बाराटांगला चिखल फुकट वर येतो. मी तिथे जायचं ठरवलंय. काका म्हणाले, "जा, पण घरच्यांना आधीच सांगून ठेवा. इतका प्रवास करून बघायला मिळतो तो राखाडी चिखलाचा बुडबुडा."