नकाशावरचा लाल दोरा

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं निमंत्रण आलं तेव्हा मी ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. पाकिटावरचं शाळेचं बोधचिन्ह दिसलं आणि शेंगा तशाच राहिल्या. "एका पानात आठवणी लिहून द्या" असं पत्रात म्हटलंय. एका पानात काय काय मावणार? प्रार्थनेची घंटा, पाण्याच्या टाकीजवळची रांग, पावसाळ्यात गळणारा तो कोपऱ्यातला वर्ग, शिपाईमामांची शिट्टी, सगळंच लिहायला हवं. पण लिहायला बसले की डोळ्यांपुढे सरच येतात. बाकीच्या गुरुजनांनी मला क्षमा करावी.

सर म्हणजे आमचे भूगोलाचे सर. आमच्या बॅचला त्यांचं नाव सांगावं लागत नाही. वेंगुर्ल्याकडचे. नोकरीसाठी वसईत आले आणि निवृत्त होईपर्यंत इथेच राहिले. सकाळी सायकलवरून गासच्या चर्चजवळ उतरायचे, आत जाऊन शेवटच्या खांबापाशी उभे राहायचे, दोनतीन मिनिटांत बाहेर. मग शाळा. वर्गात हजेरीपट उघडण्याआधी क्षणभर डोळे मिटायचे. वर्गात निम्मी मुलं हिंदू होती, सरांनी कुणालाही कधी हात जोडायला सांगितले नाहीत. पण ते डोळे मिटले की आख्खा वर्ग आपोआप गप्प व्हायचा.

ही त्यांची भक्ती आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियांवर होती. गासचं चर्च त्यांच्याच नावाचं, त्यामुळे आम्हाला ते नाव लहानपणापासून पाठ. सणाला नवे कपडे, चर्चमधली उपासना म्हणजे मिस्सा, रात्री दिव्यांची रोषणाई. बस्, तेवढंच. ते खरोखर आपल्यासारखे इथल्या मातीत खेळलेले, इथल्या शाळेत शिकलेले होते, हे मला सरांमुळे कळलं.

१९७८ साल, मी सातवीत. सरांनी आशियाचा मोठा नकाशा भिंतीवर टांगला होता. कापडावर चिकटवलेला, घड्यांवर झिजलेला. त्यावर वसईला एक टाचणी टोचली, तिला लाल दोरा बांधला आणि दोरा ओढत नेला मकावला, तिथून मनिलाला, तिथून जपानात क्योतोला, आणि शेवटी खाली नागासाकीला. "हा आपल्या गावच्या मुलाचा रस्ता," म्हणाले. तासाला मान्सूनचे वारे शिकवायचे होते, ते वारे त्यांनी त्याच दोऱ्यावरून शिकवले. जहाज कुठल्या महिन्यात निघेल, कुठे थांबून राहावं लागेल, वारा फिरेपर्यंत माणसं बंदरात काय करत असतील. त्या परीक्षेत मोसमी वाऱ्यांच्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण होते.

गोन्सालो जन्मले १५५६-५७ च्या सुमारास. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. किल्ल्यातल्या जेझुइट धर्मगुरूंकडे शिकले आणि पंधरासोळाव्या वर्षी त्यांच्याबरोबर जपानला गेले. तिथली भाषा शिकले, आणि इतकी चांगली शिकले की पुढचं सगळं आयुष्य त्या भाषेमुळेच घडलं. जेझुइट संघात त्यांना घेतलं नाही. मग व्यापार केला, त्यात चांगला जम बसला, आणि ते सगळं सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन संघात साधे ब्रदर झाले. "फादर नव्हते ते," हे सर दरवेळी मुद्दाम सांगायचे. "वेदीवर उभे राहिले नाहीत, प्रवचनाच्या गादीवर बसले नाहीत. दुभाषे होते." १५९३ मध्ये मनिलाहून फ्रान्सिस्कन धर्मगुरू पीटर बाप्टिस्ट जपानच्या हिदेयोशीकडे राजदूत म्हणून गेले, तेव्हा त्यांच्या तोंडचा शब्द त्या सत्ताधीशाच्या कानापर्यंत पोचवला आपल्या वसईच्या माणसाने.

हे सगळं आम्ही ऐकत होतो, पण नकाशावरची गोष्ट म्हणूनच. माझ्या घरात ती शिरली ती सुकेळ्यांच्या निमित्ताने.

मी अभ्यासात बरी होते पण वर्गात माझं मन लागायचं नाही. मधल्या सुट्टीनंतर आम्ही दोघीतिघी मागच्या कुंपणातून सटकायचो आणि बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठी गळ टाकून बसायचो. एका आठवड्यात तीनदा गेले. वर गृहपाठ मैत्रिणीच्या वहीतून जसाच्या तसा उतरवलेला, तिने खोडलेला शब्दसुद्धा मी खोडूनच लिहिलेला. सरांनी पालकांना बोलावलं. वडील दुधाच्या कामावर, आई आजारी. म्हणून आजी आली.

माझी आजी लाल लुगड्यातली, भाजीची पाटी घेऊन पहाटेच्या लोकलने दादरला जाणारी बाई. मराठी तिला बाजारातल्या भावापुरती. घरात आमची कादोडी, इथल्या ख्रिस्ती लोकांची बोली, आणि सरांना तेव्हा कादोडी येत नव्हती. सर बोलत होते शाळेतलं मराठी, गैरहजेरी, गृहपाठ, निष्काळजीपणा. आजीने माझ्याकडे पाहिलं. म्हणजे, मास्तर काय म्हणतो ते सांग.

आणि मी सांगितलं की सर म्हणतायत, मुलगी हुशार आहे, तिच्या तब्येतीकडे लक्ष द्या, तिला दुपारी थकवा येतो.

सरांना मी उलट दिशेनेही फसवलं. आजी कादोडीत म्हणाली की मास्तरांचे फार उपकार झाले. मी सरांना सांगितलं, आजी म्हणते, यापुढे लक्ष देऊ. दोघंही समाधानाने एकमेकांना नमस्कार करून उठले. मला अजून आठवतं, आजीचा हात माझ्या डोक्यावर होता आणि माझे पाय थरथरत होते.

पुढच्या सोमवारी आजीने माझ्या दप्तरात एक पुडकं घातलं. सुकेळी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते (आता आपल्याच शाळेतल्या मुलांना सांगावं लागतं), राजेळी केळी पिकली की सोलून मांडवावर उन्हात घालायची, रोज परतायची, रात्री झाकायची. आठवडाभराने ती मधाच्या रंगाची होतात, बोटाला चिकटतात. मग केळीच्याच सुकल्या पानात गुंडाळून सोपाने, म्हणजे केळीच्या खोडाच्या सुकल्या पट्टीने, बांधायची. आजीची सुकेळी आम्हाला घरात मोजून मिळायची. पाहुण्यांसाठी, सणासाठी ती राखलेली असत. ती तिने मास्तरांना पाठवली, नातीचं कौतुक केलं म्हणून.

मी पुडकं सरांच्या टेबलावर ठेवलं. सरांनी सोप सोडला, पान उलगडलं, आत पाहिलं, आणि माझ्याकडे पाहिलं. "काय गो, हे कशाला?" मला उत्तर देता येईना. सर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग पुन्हा पान गुंडाळलं, तसाच सोप बांधला आणि म्हणाले, "रविवारी मिस्सेनंतर मी तुमच्याकडे येतो."

आले. ओट्यावर बसले. माझा काका शेजारी होता, त्याला दोन्ही भाषा उत्तम यायच्या, त्यामुळे मला पळवाट नव्हती. सरांनी पुडकं आजीपुढे ठेवलं आणि मला म्हणाले, "त्या दिवशी मी काय बोललो, ते आता आजीला सांग. एकेक वाक्य. माझ्याकडून काही कमी नको, तुझ्याकडून काही जास्त नको." मग ते एक वाक्य बोलायचे आणि थांबायचे. मी ते कादोडीत सांगायची. बावखल सांगितलं. खोडलेला शब्दसुद्धा सांगितला. अर्ध्यात मला रडू फुटलं तर सर थांबून राहिले, पाणी प्यायला लावलं, पण पुढचं वाक्य गाळलं नाही.

आजीने सगळं ऐकलं. ती ओरडली नाही. पुडकं सरांकडे परत सरकवलं आणि मला म्हणाली, मास्तरांना विचार, सुकेळी खाल्ली का, गोड झाल्येत का यंदा? मी विचारलं. सर म्हणाले, "सांग, अजून खाल्ली नाहीत, आता खातो." आणि तिथेच ओट्यावर एक खाल्लं.

जाताना त्यांनी खिशातून छोटं चित्र काढलं. गोन्सालोंचं, क्रुसावरचं. मागे पेन्सिलने लिहिलेलं होतं, "खरं तेच पोचवू दे." ही त्यांची रोजची प्रार्थना होती. खांबापाशी उभं राहून ते एवढंच म्हणायचे, हे तेव्हा कळलं. वर्गात डोळे मिटायचे तेही यासाठीच. चित्र त्यांनी मला दिलं. शिक्षा म्हणून काहीही केलं नाही.

त्यानंतर गोन्सालोंची गोष्ट मला वेगळीच ऐकू येऊ लागली. १५९६ च्या ऑक्टोबरात सान फेलिपे नावाचं स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला फुटलं, त्यावरून हिदेयोशीचा संशय वाढला, डिसेंबरात गोन्सालो आणि त्यांच्या साथीदारांना अटक झाली. जानेवारीत क्योतोच्या रस्त्यात त्यांचे डावे कान कापले. मग भर थंडीत नागासाकीपर्यंतची वाट, जवळजवळ महिनाभर. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी मारलं. सहा फ्रान्सिस्कन, तीन जेझुइट, बाकी जपानी प्रापंचिक माणसं. त्यांत बारा वर्षांचा एक मुलगा होता, म्हणजे तेव्हाच्या आमच्याच वयाचा. सर कानापाशी आले की थांबायचे. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याचं ऐकून तिसऱ्याला सांगितलं त्याचा कान कापला, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं. ते कधी बोलले नाहीत, मला मात्र तेच वाटत राहिलं. पुढे १६२७ मध्ये या सर्वांना धन्य घोषित केलं, ही संतपदाआधीची पायरी, आणि ८ जून १८६२ रोजी पोप पायस नववे यांनी संतपद दिलं. भारतात जन्मलेले पहिले संत ते आपल्या वसईचे.

मी नर्स झाले. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात चौतीस वर्षं काढली, इनचार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले. आमच्या वॉर्डात जव्हार-डहाणूकडची माणसं फार. डॉक्टर इंग्रजी-हिंदीत बोलणार, बाई वारली बोलणार, मधे मी. एकदा एका लेकराबद्दल डॉक्टर म्हणाले की आज रात्रीपुरतं आहे, घरच्यांना बोलवा. आई खाटेचा गज धरून उभी होती. माझ्या तोंडावर अगदी आलं होतं, बरं होईल गं. हात खिशात गेला, चित्राला लागला. मी जे होतं ते सांगितलं, जेवढं डॉक्टर म्हणाले तेवढंच, सावकाश. बाप वीटभट्टीवर होता. निरोप गेला, रात्री अकराला तो धापा टाकत आला. पोर गेलं पहाटे चारला, बापाच्या मांडीवर. मी खोटं बोलले असते तर तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला असता.

असं कितीदा घडलं. कामावर गेले की कपडे बदलताना, कपाट बंद करताना मी ते चार शब्द म्हणते. म्हणत असे, लिहायला हवं, आता निवृत्त आहे. पण सवय जात नाही. सुनेशी बोलण्याआधीही म्हणते. सणाला नोवेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना असते, किल्ल्यातल्या त्या जुन्या चर्चमध्ये मिस्सा असते, सगळं मनापासून करते. तरी गोन्सालो माझ्याजवळ सर्वांत जास्त असतात ते अशा वेळी, मी दोन माणसांच्या मधे उभी असते तेव्हा.

माझा मुलगा जहाजावर इंजिनियर आहे. त्याचं जहाज नागासाकीला लागलं होतं तेव्हा त्याने निशिझाकाच्या टेकडीवरचा फोटो पाठवला. १९६२ साली उभारलेलं स्मारक, ओळीने सव्वीस ब्राँझच्या मूर्ती, बहुतेक हात जोडलेल्या. फोनवर बोटांनी मोठं करकरून मी आपल्या माणसाला शोधत बसले. त्या क्षणी हा फोटो सरांना दाखवायला हवा होता. सर तेव्हा वेंगुर्ल्याला होते. पत्र लिहीन, लिहीन म्हणत दोन वर्षं गेली, आणि मग सर गेल्याचंच कळलं. याचं दुःख मला अजून आहे. ड्युटी होती, मुलगी बाळंत होती, सगळं खरं, पण एक पोस्टकार्ड टाकायला किती वेळ लागतो?

आपल्या शाळेत आता मराठीच्या तुकड्या कमी झाल्या म्हणतात. बावखल बुजवून तिथे इमारत उभी आहे. आमच्या वाडीत राजेळीचे दोनच लोंगर धरले यंदा. नातवंडं कादोडी समजतात पण उत्तर इंग्रजीत देतात, त्यांच्यात आणि माझ्या आईत आता मीच दुभाषी आहे. आई नव्वदीची आहे. निमंत्रणाचं पत्र मी तिला कादोडीत वाचून दाखवलं, तिने विचारलं, मास्तर येणार का? मी सांगितलं, सर नाहीत गं आता. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, तुझ्या आजीची सुकेळी त्यांनी ओट्यावर बसून खाल्ली होती.

समारंभाला मी नक्की येणार आहे. यंदाची थोडी सुकेळी झाली आहेत, स्टाफरूममध्ये देईन.

आणि एक विनंती. जुनी इमारत पाडली तेव्हा तो नकाशा कुठे गेला, कुणाला माहीत आहे का? कापडावर चिकटवलेला, आशियाचा, वसईला टाचणीचं भोक असलेला. कुणाच्या माळ्यावर, कपाटामागे असेल तर कार्यालयात कळवा. दोरा नसला तरी चालेल, दोरा मी आणते.