कपाट राहिलं बाजूला

आज सुट्टी होती, म्हटलं कपाट आवरू, तर हाताला लागली अमेरिकन लेखिका इडिथ व्हॉर्टनची कादंबरी 'द हाऊस ऑफ मर्थ', १९०५ ची, मग कसलं कपाट न् कसलं काय, कपडे पलंगावर तसेच आणि मी फरशीवर बसून संध्याकाळपर्यंत वाचतेय. न्यूयॉर्कच्या बड्या लोकांत वावरणारी लिली बार्ट, वय २९, दिसायला देखणी, पर्स रिकामी. मैत्रिणीचा नवरा 'तुझे पैसे गुंतवतो' म्हणत स्वतःचेच ९ हजार डॉलर देतो आणि मग वसुलीला येतो, पैशात नव्हे हं! त्याच वर्तुळातल्या दुसऱ्या एक लफडी करणाऱ्या बाईसाहेब मात्र सहीसलामत, नवऱ्याकडे बक्कळ पैसा ना. बदनाम कोण, तर लिली. शेवटी हॅटच्या कारखान्यात टिकल्या शिवत बसते, त्याही वाकड्या, सुपरवायझरबाई सुनावते, तिथे माझा चहा गार झाला. त्या लफडेवाल्या बाईसाहेबांची प्रेमपत्रं लिलीच्या हातात होती, एक धमकी दिली असती तर परत पार्ट्यांत मानाने बसली असती, पण नाही, शेकोटीत टाकली. आत्याचे १० हजार मिळाले तर आधी त्या मैत्रिणीच्या नवऱ्याचं देणं फेडतेय! खरं सांगू, मला तिचाच राग आला. कपडे अजून पलंगावरच आहेत.