एक भिंत, पाच महिने: गोथेनबर्गमधलं घर लावताना माझा अनुभव

"अर्ज अपूर्ण आहे. पुढच्या बैठकीत घेऊ." आमच्या घरातली एक भिंत उघडायच्या अर्जावर गृहसंस्थेच्या मंडळाकडून एवढीच ईमेल मला २०२३ च्या एप्रिलमध्ये आली आणि आमचं स्वयंपाकघर ऑगस्ट संपेपर्यंत खोक्यांतच राहिलं. आता घर लावून झालंय, येणारा माणूस दारातच थबकून "किती शांत वाटतंय इथे" म्हणतो. पण ती ईमेल आठवली की माझं डोकं अजूनही तापतं. स्वीडनमध्ये फ्लॅट घेऊन आतून बदलायचा विचार असेल, तर सोफा आणि पडदे बघायच्या आधी हे वाचा.

आमचं घर कुंग्सलादुगोर्ड भागात, लान्सहेवडिंगेहूस म्हणतात तसल्या इमारतीत आहे. तळमजला विटांचा, वरचे दोन मजले लाकडी. शहरात आगीच्या भीतीने दोन मजल्यांपेक्षा उंच लाकडी घर बांधायला बंदी होती. खालचा मजला दगड-विटांचा केला तर वर दोन लाकडी चालतील, अशी मुभा १८७० च्या दशकात मिळाली आणि गोथेनबर्गभर अशी घरं उभी राहिली. नावाचा अर्थच 'राज्यपालांचं घर'. आमचं शंभरीला टेकलेलं, अठ्ठावन्न चौरस मीटरचं.

बैठकीची खोली दक्षिणेला, स्वयंपाकघर उत्तरेला अंगणाकडे, मधे भिंत. डिसेंबरमध्ये इथे दिवस जेमतेम साडेसहा तासांचा असतो. दुपारी साडेतीनच्या आत सूर्य गेलेला. दक्षिणेच्या खोलीत जो काही उजेड येतो तो भिंतीवर अडायचा आणि स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावावा लागायचा. इथल्या घरांचं ते फिकं लाकूड, पांढऱ्या भिंती, बिनपडद्याच्या खिडक्या, हे सगळं मुळात या उजेडासाठी आहे. मासिकातलं बघून हौस म्हणून करायची गोष्ट नाही ती. म्हणून भिंत उघडायची असं आम्ही ठरवलं.

इथे फ्लॅट घेतला म्हणजे बहुतेक वेळा बूस्ताड्सरेट मिळतो. घर संस्थेचं, राहायचा हक्क आपला. आपल्याकडे सोसायटीची एनओसी लागते तसाच प्रकार, फक्त कायदा जास्त रेखीव आहे. १९९१ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की आधाराची भिंत, पाण्याच्या, गटाराच्या किंवा हीटिंगच्या नळ्या आणि इतर कुठलाही मोठा बदल यांना संस्थेच्या मंडळाची परवानगी हवी. जानेवारी २०२३ पासून त्यात वायुवीजनही आलं. माझं घोडं नेमकं तिथेच अडलं. मी मार्चमध्ये संस्थेच्या जुन्या फॉर्मवर अर्ज केला, सोबत हाताने काढलेला नकाशा आणि मोबाइलवरचे फोटो. फॉर्ममध्ये वायुवीजनाचा रकानाच नव्हता, म्हणून शेगडीवरच्या नव्या फॅनबद्दल मी काही लिहिलं नाही. दोन आठवडे उत्तर नाही, आणि मग ती ईमेल. काय अपूर्ण आहे ते त्यात नव्हतं. विचारलं तर, मे महिन्याच्या बैठकीनंतर कळवतो.

मंडळात आपलेच शेजारी असतात, बहुतेक नोकरी करणारे. महिन्यातून एकदा संध्याकाळी भेटतात. हे मला कळत होतं, म्हणून जिन्यात भेटले तरी मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. पण काय हवंय हे एका ओळीत सांगायला महिना का लागावा?

मे महिन्यात कळलं. दोन गोष्टी हव्या होत्या. भिंत यार्टवेग आहे की नाही याचा स्ट्रक्चरल इंजिनियरचा लेखी दाखला आणि फॅनचा प्रकार. यार्टवेग म्हणजे शब्दशः हृदयाची भिंत. लाकडी घराच्या मधोमध जाणारी, वरच्या मजल्याचं ओझं पेलणारी. फॅनचं उत्तर सोपं होतं. या जुन्या इमारतींत हवा धुराड्यासारखी आपोआप वर जाते, त्या सामाईक मार्गाला मोटरचा फॅन जोडला की तुमच्या फोडणीचा वास शेजाऱ्यांच्या घरात. तिथे कोळशाच्या फिल्टरचाच फॅन लावायचा. मी तोच घेणार होते!

इंजिनियर मिळायला तीन आठवडे गेले. आला तो मात्र कामाचा माणूस. बोटाने भिंत ठोकत ठोकत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, दाराच्या चौकटीची पट्टी काढून आत टॉर्च मारला. आत विटा नव्हत्या, एकाला एक लावलेल्या जाड उभ्या फळ्या होत्या. मग तळघरात जाऊन खाली कुठली भिंत येते ते बघितलं. म्हणाला, कागदावर ही आधाराची भिंत नाही. पण शंभर वर्षांत वरच्या तुळया खचतात आणि हळूहळू अशा फळ्यांवर टेकतात. सगळी भिंत काढलीत तर वरच्यांची फरशी वाकेल. त्याने एकशे ऐंशी सेंटीमीटरचं मोकळं दार सुचवलं, वर तुळई आणि दोन बाजूंना खांब. माझ्या मनातलं एकसंध मोकळं घर तिथे संपलं. पण आज ते दार बघते तेव्हा वाटतं, हेच बरोबर होतं. खोलीला खोलीपण राहिलं आणि उजेड ओट्यापर्यंत येतो.

आधाराला हात लागतोय म्हटल्यावर नगरपालिकेला कळवणं आलं. त्यांचं स्टार्टबेशेड, म्हणजे काम सुरू करायचं पत्र, हातात येण्याआधी हातोडा उचलला तर दंड होतो. ते पत्र कसल्याही कटकटीविना आलं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

आणि मग जूनमध्ये संस्थेची वार्षिक सभा झाली, मंडळ बदललं. नव्या मंडळाने कळवलं, "आमच्याकडे तुमची फाइल दिसत नाही, पुन्हा पाठवा." त्या दिवशी मी रडले. आई नाशिकहून आली होती. आम्ही उत्साहात जुनी कपाटं आधीच काढून देऊन टाकली होती, त्यामुळे ती दीड महिना एका इंडक्शनच्या शेगडीवर, खिडकीच्या कट्ट्यावर पोळपाट ठेवून पोळ्या लाटत होती. "अगं, राहू दे ती भिंत, आपण नाही का इतकी वर्षं भिंतीतच राहिलो?" असं म्हणायची. परवानगी हातात येईपर्यंत स्वयंपाकघराला हात लावू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते.

फाइल पुन्हा पाठवली तोवर जुलै आला. इथे लोक तारखा नाही, आठवडे मोजतात. अठ्ठाविसावा ते एकतिसावा आठवडा म्हणजे सुतार नाही, रंगारी नाही, मंडळ नाही. मंजुरी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आली. जीव भांड्यात पडला. कायदा मी तोवर पाठ केला होता. संस्थेचं खरोखर नुकसान होणार असेल किंवा तिला मोठा त्रास होणार असेल तरच मंडळ नकार देऊ शकतं, आणि २०२३ पासून नकाराविरुद्ध दाद मागायला लवादही आहे. हे मार्चमध्येच माहीत असतं तर मी इतकी दबून राहिले नसते. अर्ज जानेवारीत करा, इंजिनियरचा दाखला पहिल्याच दिवशी जोडा.

पुढचं भराभर झालं. लिनोलियमखालच्या गोंदात ॲस्बेस्टस नाही ना, याची प्रयोगशाळेतून तपासणी करून घेतली (इथे त्यावर १९८२ पासून पूर्ण बंदी आहे, पण घर त्याआधीचं). खाली पाइनच्या रुंद फळ्या निघाल्या. एकेक खिळा आत ठोकून मग त्या घासल्या, पिवळ्या पडू नयेत म्हणून पांढरं लूट (लाकूड फिकं ठेवणारं क्षाराचं पाणी) लावलं आणि वर जवसाच्या तेलाचा साबण. पॉलिश नाही, चमक नाही. अनवाणी चाललं की लाकूडच लागतं पायाला. फटी भरू नका, हिवाळ्यात हीटिंगने फळ्या आकसतात आणि भरलेलं सगळं बाहेर येतं.

पांढरा रंग निवडताना घाई करू नका. शुद्ध पांढरा, दुकानात ज्याला ०५००-एन म्हणतात, तो उत्तरेच्या खोलीत नोव्हेंबरमध्ये निळसर, दवाखान्यासारखा दिसतो. आम्ही ०५०२-वाय घेतला, पिवळ्याची अगदी पुसट छटा असलेला. मोठ्या पुठ्ठ्यावर रंगवून तो सकाळी आणि दिवेलागणीला भिंतीला लावून बघा.

पैशाचं सांगायचं राहिलं. मजुरीवर रूट नावाची करसवलत मिळते. तेव्हा ती मजुरीच्या ३० टक्के होती आणि माणशी वर्षाला ५०,००० क्रोनांपर्यंत. सामानावर नाही. घर दोघांच्या नावावर असेल तर दोघांचा वाटा बिलातच लिहून घ्या.

१२ नोव्हेंबरच्या लक्ष्मीपूजनाला घर तयार होतं. छताला एकही मोठा दिवा नाही, सात छोटे, सगळे २७०० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उबदार उजेडाचे. इथे 'मीसिग', म्हणजे ऊबदार आणि निवांत, म्हणतात ते हेच. मी खिडकीत आकाशकंदील लावला. ३ डिसेंबरला पहिला ॲडव्हेंट, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतला पहिला, आला, समोरच्या सगळ्या खिडक्यांत कागदी तारे लागले आणि खालच्या आजींनी जिन्यात विचारलं, "तुमचा तारा तीन आठवडे आधी कसा?" त्यांना वर बोलावून चहा दिला. आजी त्या नव्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, लहानपणी आमच्याकडेही ही भिंत होती, फार अंधार असायचा.

आणि हो, मंजुरीचं पत्र, इंजिनियरचा दाखला आणि नगरपालिकेचं काम पूर्ण झाल्याचं पत्र एकाच फाइलमध्ये ठेवा. घर विकायला काढलं की पहिल्यांदा तेच विचारतात.