आधी सीट, मग मैल

2022 मध्ये आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर अमेरिकेचा विषय काढला की तिचं एकच, "अगं मला नाही आता जमायचं ते तासन् तास पाय दुमडून बसणं, तुम्हीच या इकडे." आम्ही न्यू जर्सीत, आई-बाबा पुण्यात. पुण्याहून टॅक्सीने मुंबई, तिथे तीन-चार तास आधी पोचायचं, मधे एक विमान बदलायचं, मग न्यूअर्क, म्हणजे घर ते घर तीस तास सहज जातात आणि त्यातले सतरा-अठरा इकॉनॉमीच्या सीटवर. धडधाकट माणसाचे पाय सुजतात तिथे तिचं काय होणार. आडवं झोपून येता आलं तर येशील का विचारलं तर म्हणाली, "मग येईन की." झालं, मी बिझनेस क्लासचे भाव बघायला घेतले. एका माणसाचे एका बाजूचे साडेतीन हजार डॉलर! दोघांचे सात हजार, आणि तेही नुसतं येण्याचे.

तिथून मी मैलांच्या मागे लागले, म्हणजे एअरलाइनचे बक्षीस पॉइंट, जे देऊन तिकीट काढता येतं. आणि तेही उडून मिळालेले मैल नाहीत, विकत घेतलेले. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं की एअरलाइन आपले मैल सरळ विकते, आणि वर्षातून अनेकदा सेल लावते. मूळ भाव मुद्दाम चढा असतो, त्या भावाने कुणी घेऊच नये. एअर कॅनडाच्या एरोप्लॅन या मैलांच्या प्रोग्राममध्ये एक पॉइंट साडेतीन कॅनेडियन सेंटला (ते पॉइंट म्हणतात, आपण मैलच म्हणू), कोलंबियाच्या आवियांकाच्या लाइफमाइल्समध्ये एक मैल 3.3 अमेरिकन सेंटला. पण सेलमध्ये शंभर टक्के बोनस असला की जितके घ्याल तितकेच फुकट, भाव निम्म्यावर येतो. एअर कॅनडा, लुफ्तांसा, युनायटेड, एअर इंडिया हे सगळे स्टार अलायन्स या एअरलाइनच्या गटात, त्यामुळे एरोप्लॅनचे मैल देऊन लुफ्तांसाच्या विमानात बसता येतं. मला एरोप्लॅन आवडलं त्याचं खरं कारण म्हणजे 2020 च्या नोव्हेंबरपासून ते तिकिटावर फ्युएल सरचार्ज (इंधनाच्या नावाचा जादा आकार) लावत नाहीत, दुसऱ्या कंपनीच्या विमानाला 39 कॅनेडियन डॉलर फी आणि सरकारी टॅक्स, बस. काही प्रोग्राममध्ये मैल देऊन वर शेकडो डॉलर सरचार्ज भरावा लागतो, मग कसली बचत.

आता माझी चूक सांगते, कारण ही पोस्ट त्याच्यासाठीच लिहिते आहे. पहिल्या वेळी मी एका प्रोग्रामचा (हा एरोप्लॅन नव्हे) सेल बघून अकाउंट उघडलं आणि त्याच दिवशी मैल घेतले. खरेदी तपासणीत अडकली, नवीन अकाउंट आणि मोठी रक्कम बघून त्यांनी थांबवली असावी, दोन दिवसांनी मैल आले तोवर ज्या तारखेची सीट बघून ठेवली होती ती गेली. मग चार महिने मैल नुसते पडून, आणि मैल परत करून पैसे मिळत नाहीत. बाजारात तुरी म्हणतात ते हेच, सीट हातात नाही आणि मी मनात आईला झोपवूनही मोकळी झाले होते. शेवटी ते मैल नवऱ्याच्या कामाच्या एका प्रवासाला वापरले, वाया नाही गेले, पण ज्याच्यासाठी घेतले ते झालं नाही.

मैल म्हणजे सीट नव्हे. प्रत्येक विमानात मैलांवर द्यायच्या सीटा मोजक्या असतात, कधी दोन, कधी शून्य, आणि त्यातल्या पार्टनर कंपनीला किती द्यायच्या हे ती एअरलाइन ठरवते. शिवाय कधीकधी एका साइटवर सीट दिसते पण ती खरी नसते, बुक करायला गेलात की एरर. म्हणून दुसऱ्यांदा मी एरोप्लॅनवर दिसलेली सीट युनायटेडच्या साइटवरही तपासली, दोन्हीकडे दिसली की मगच खरी मानायची. अकाउंट महिनाभर आधीच उघडून ठेवलं, पासपोर्टवरचं नाव, कार्डावरचं नाव, अकाउंटवरचं नाव सगळं एकसारखं, आणि बँकेला आधी फोन करून सांगितलं की बाहेरच्या देशातून मोठा चार्ज येईल.

अंतराचंही बघा, हे कुणी सांगत नाही. एरोप्लॅनमध्ये भाव प्रवासाच्या एकूण अंतराच्या मैलांवर ठरतो. मुंबई-फ्रँकफर्ट-न्यूअर्क आठ हजार मैलांच्या जरासं आत बसतं, 2023 मध्ये त्याला माणशी 85,000 पॉइंट होते. तेच शिकागोला गेलात की आठ हजारांच्या पलीकडे आणि सरळ वरचा टप्पा, तेव्हा एक लाख. माझी मावसबहीण शिकागोला असते, तिला म्हटलं तुझ्याकडे येणाऱ्यांना पण न्यूअर्कला उतरव आणि पुढे साधं डोमेस्टिक तिकीट काढ.

तर दोघांचे 1,70,000. माझ्याकडे क्रेडिट कार्डाचे 62,000 होते, इथल्या चेस आणि अमेक्सचे पॉइंट एरोप्लॅनमध्ये एकास एक जातात. उरलेले 1,08,000 म्हणजे सेलमध्ये 54,000 घेतले, 54,000 बोनस. 1,890 कॅनेडियन डॉलर, आपले अमेरिकन साधारण चौदाशे. टॅक्स आणि फी वेगळी. सात हजारांच्या जागी हे!! भारतातून घेणाऱ्यांनी मात्र कार्डाचा फॉरेक्स मार्कअप (परदेशी चलनातल्या खर्चावर बँक लावते तो जादा आकार) आणि त्यावरचा 18 टक्के जीएसटी धरूनच हिशोब करा.

आणि व्हॉट्सॲपवर स्वस्तात मैल विकणारे असतात त्यांच्या वाटेला जाऊ नका प्लीज. दुसऱ्याच्या अकाउंटचे मैल विकत घेणं सगळ्याच एअरलाइनच्या नियमाबाहेर, पकडलं तर तिकीट रद्द आणि अकाउंट बंद. अकाउंट बंद करायचा त्यांचा अधिकार किती मोठा आहे हे बघायचं तर अमेरिकेत नॉर्थवेस्टने एका मेंबरला प्रोग्राममधून काढलं होतं, केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि 2014 मध्ये निकाल एअरलाइनच्या बाजूने लागला. सत्तरीतल्या आई-बाबांना रात्री एक वाजता काउंटरवर तिकीट नाही म्हणून सांगितलं तर ते काय करतील, एवढाच विचार करा.

तिकीट निघाल्यावर लुफ्तांसाचा वेगळा सहा अक्षरांचा बुकिंग कोड असतो तो मागून घ्या, एरोप्लॅनच्या कोडवर तिकडे जेवण सांगता येत नाही. मी त्यावर एशियन व्हेज जेवण आणि दोघांना व्हीलचेअर सांगितली. सीटा जुन्या, दोन-दोन-दोन अशा, नव्या विमानांसारखे बंद केबिन नाहीत, पण आई-बाबांना शेजारी शेजारी बसता आलं आणि त्यांना तेच हवं होतं.

परतीच्या तारखांना मैलांवर सीट मिळालीच नाही. शेवटपर्यंत बघत होते. मग इकॉनॉमीतच पैसे भरून पुढच्या जास्त जागेच्या सीटा घेतल्या, आईने काही तक्रार केली नाही पण घरी पोचल्यावर दोन दिवस पाय धरून होती, ते मला अजून लागतं. पुढच्या वेळी दोन्ही बाजूंच्या सीटा दिसल्याशिवाय तारखा ठरवायच्या नाहीत हे आता पक्कं आहे.

येताना मात्र मी रात्रभर फोन हातात घेऊन बसले होते. बाबांचा मेसेज फ्रँकफर्टहून आला. "पोचलो. ही सहा तास झोपली. पाय ठीक."