हॉप्सचं वाळवण

अंगणात हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा वेल) लावणाऱ्यांचे बहुतेक प्रश्न एप्रिलमधले असतात. कुठली जात, केवढा खड्डा, किती खत. नुकसान मात्र ऑगस्टच्या शेवटी होतं. वेल वीस फूट चढलेला, फुलं लगडलेली, आणि घाईने तोडल्यामुळे किंवा अर्धवट वाळवून पिशवीत भरल्यामुळे सगळा माल कंपोस्टमध्ये. म्हणून लागवडीचं लवकर उरकतो, तोडणी आणि वाळवणीवर सविस्तर लिहितो.

सगळा हिशोब अमेरिकेतल्या ओरेगन-वॉशिंग्टन राज्यांच्या हवामानाचा आहे. अमेरिकेतले बहुतेक हॉप्स याकिमा आणि विलामेट ही दोन खोरी आणि आयडाहो इथेच पिकतात, कारण इथे जूनमधला दिवस साधारण साडेपंधरा तासांचा असतो. लांब दिवसांत वेल वाढतो, दिवस आखूड होऊ लागले की फुलतो. पुण्यात वर्षातला सर्वांत मोठा दिवस जेमतेम सव्वातेरा तासांचा, त्यामुळे वेल पुरेसा वाढायच्या आतच फुलायला लागतो. भारतात हॉप्स होतात ते हिमाचलच्या लाहौलमध्ये. शिवाय अमेरिकेत 1978च्या कायद्याने घरच्या बिअरला करमाफी मिळाली (वर्षाला एका माणसामागे 100 गॅलन, घरामागे 200). महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे. तेव्हा हे वाचून कोणी कोथरूडच्या गच्चीत उद्योग मांडू नये.

लागवड. पहिल्यांदा लावत असाल तर कॅस्केड घ्या. 1972 साली ओरेगनमधूनच बाहेर आलेली जात आहे, इथल्या ओल्या वसंतात टिकते. साट्झ, हालरटाऊ ही नावं मोठी, पण घरच्या वाफ्यात माल फार कमी देतात. हळदीच्या कुडीसारखा दिसणारा राइझोम (जमिनीखालच्या खोडाचा तुकडा) मिळतो, तो मादी वेलाचाच असायला हवा. तो दोन इंच खोल, आडवा, डोळे वर करून पुरायचा. एकाच जातीत तीन फूट अंतर चालेल, दोन जातींमध्ये पाच-सहा फूट ठेवा, नाहीतर मुळं एकमेकांत घुसतात आणि दोन वर्षांनी कुठला वेल कुठला ते कळत नाही.

मांडव नको, सरळ उभी दोरी हवी, पंधरा ते अठरा फुटांची. आणि ती काथ्याची. हॉप्सला तणावे नसतात, खोडावरच्या आकड्यांसारख्या केसांनी तो दोरी धरून चढतो, त्यामुळे गुळगुळीत नायलॉनवरून घसरतो. याकिमाच्या मोठ्या मळ्यांतही काथ्याच वापरतात, श्रीलंकेहून आलेला. कोंब फूटभर झाले की दोरीवर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायचे. उलटे गुंडाळले तर वेल स्वतःच सोडवून घेतो. एका दोरीला दोन-तीन कोंब, बाकीचे कापा. दुसऱ्या वर्षापासून सगळ्यात आधी येणारे जाड, पोकळ कोंबही कापा. दिसायला जोरदार असतात, पण फुलं कमी देतात. कापलेले कोवळे कोंब लसूण घालून परतले तर भाजी बरी होते.

नत्र जूनअखेरपर्यंतच. पुढे दिलं तर पानंच येतात आणि मावा पडतो. वेल दहा फुटांवर गेला की खालची तीन फूट पानं काढून टाका. ओल्या वसंतात डाऊनी (केवडा, बुरशीचा रोग) जमिनीकडूनच चढतो. खुरटलेला, पिवळट कोंब आणि खाली वळलेली, मागून काळपट पडलेली पानं दिसली की तो कोंब बुडापासून तोडून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही. द्राक्षवाल्यांना डाऊनी आणि भुरी वेगळी सांगायला नको. जुलैच्या कोरड्या उन्हात लाल कोळी येतो. पानाच्या मागच्या बाजूला जोरात पाण्याचा फवारा मारला की बराचसा आटोक्यात राहतो.

आता तोडणी. फुलाचा आकार पाहून तोडू नका. आकार आधी येतो, माल नंतर भरतो. फूल मधोमध उभं फाडा. पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी पूड दिसते, ती ल्युप्युलिन. कडवटपणा आणि वास दोन्ही तिच्यात. कच्च्या फुलात ती फिकट असते आणि वास गवताचा येतो. तयार फुलात रंग गडद पिवळा, वास संत्र्याच्या सालीकडे किंवा राळेकडे झुकणारा. बोटांत दाबलं तर कच्चं फूल ओलसर लागतं आणि दबलेलंच राहतं. तयार फूल कागदासारखं कुरकुरतं आणि परत फुलतं.

वासाचा अंदाज चुकू शकतो, वजनकाटा चुकत नाही. वेलाच्या वेगवेगळ्या उंचीवरून 50 ग्रॅम फुलं घ्या आणि डिहायड्रेटरमध्ये वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा. 11.5 ग्रॅम उरली तर कोरडा भाग 23 टक्के, म्हणजे तोडायला हरकत नाही. 20च्या खाली असेल तर तीन-चार दिवस थांबून पुन्हा करा. हा नमुना वाया जातो म्हणून लोक कुरकुरतात. सगळा वेल वाया घालवण्यापेक्षा स्वस्त आहे.

पहिल्या वर्षी वेल कापू नका, शिडी लावून हातानेच खुडा. मुळांना अजून पानांची गरज असते. पुढच्या वर्षांपासून तीन फूट बुंधा ठेवून वरचं कापलं तरी चालतं. दव उडाल्यावर सुरू करा. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे हवेतच, नाहीतर कोपरापर्यंत ओरखडे आणि पुरळ.

वाळवण म्हटलं की आपल्याला गच्ची आणि ऊन आठवतं. हॉप्सला ऊन दाखवायचं नाही. कसुरी मेथीसारखं सावलीत, वाऱ्यावर. खिडकीच्या जाळीवर इंच-दोन इंच थर, खालून टेबलफॅन. डिहायड्रेटर असेल तर 50 अंशांच्या वर नेऊ नका, वास उडतो.

फसवणूक इथे होते. एका दिवसात पाकळ्या कुरकुरीत लागतात आणि माणूस पिशवी आणायला जातो. पण फुलाच्या मधली बारीक दांडी सगळ्यात शेवटी वाळते. पाकळ्या कोरड्या आणि दांडी ओली असताना बंद केलं की तेच पाणी पुन्हा पाकळ्यांत येतं आणि आठवडाभरात बुरशी. दांडी वाकवून पाहा. वाकली तर थांबा, कट्‌कन मोडली तर झालं. वजनावरूनही मेळ घाला. 23 टक्क्यांच्या एक किलो ओल्या मालात कोरडा भाग 230 ग्रॅम, त्यात नऊ टक्के ओल राहू दिली तर अंतिम वजन साधारण 250 ग्रॅम. 300 असेल तर परत जाळीवर. मग रात्रभर खोक्यात झाकून ठेवा, ओल सारखी पसरते, आणि सकाळी पुन्हा दांडी मोडून पाहा. फार वाळलं तर फुलं चुरतात आणि ल्युप्युलिन तळाशी गळते. ती झटकून टाकू नका, तीच गोळा करा.

50-50 ग्रॅमची व्हॅक्युम पाकिटं करून, जात आणि तारीख लिहून, फ्रीझरमध्ये. हवा राहिली की कडवटपणा देणारी आल्फा आम्लं घटतात. पाकीट उघडल्यावर जुन्या चीजचा वास आला तर तो माल बिअरमध्ये घालू नका.

घरच्या हॉप्सचा आल्फा नक्की किती ते प्रयोगशाळेशिवाय कळत नाही. कॅस्केड साधारण साडेचार ते सात टक्के, पण तुमचा कुठे बसतो कोण जाणे. म्हणून 60 मिनिटांच्या उकळीला, कडवटपणासाठी, विकतचे, आल्फाचा आकडा छापलेले पेलेट (दाबून केलेल्या हॉप्सच्या गोळ्या) वापरा. घरचे शेवटच्या दहा मिनिटांत किंवा आंबवण झाल्यावर घाला. न वाळवता वापरायचे तर तोडल्यापासून 24 तासांच्या आत आणि वजन पाचपट धरा. 20 लिटरला 40 ग्रॅम वाळलेले लागत असतील तर ओले 200. त्याहून फार जास्त ओले घातलेत तर बिअरला चाऱ्याचा वास येतो. अख्खी फुलं वर्ट (आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) बरंच शोषून घेतात, तेव्हा सुरुवातीलाच लिटरभर जास्त धरा.

घरात कुत्रा असेल तर एक गोष्ट. हॉप्स, उकळून झालेलेसुद्धा, कुत्र्याला विषारी असतात. अंगाचं तापमान झपाट्याने वाढतं आणि जीव जाऊ शकतो. गोड वर्टमध्ये भिजलेला चोथा ते आवडीने खातात. उघड्या कंपोस्टमध्ये टाकू नका, पिशवी बांधून झाकणाच्या डब्यातच टाका. वाळवायच्या जाळ्याही त्यांच्या तोंडापासून उंच ठेवा.