आधी हातोडी, मग कोटिंग

खानदेशातल्या कोरड्या हवेत गाडीला गंज चढत नाही, हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की जुनी एसयूव्ही घेताना माणसे इंजिनाचा आवाज ऐकतात, धूर पाहतात, टायरवर हात फिरवतात. गाडीखाली वाकून पाहणारा मात्र क्वचितच भेटतो. हा समज अर्धाच खरा आहे. लोखंड गंजण्यासाठी हवेबरोबर ओलावाही लागतो आणि आपल्या उन्हाळ्यात तो मिळत नाही, हे खरे. पण आपल्या बाजारात येणाऱ्या कितीतरी गाड्यांचे आधीचे आयुष्य ठाणे, रत्नागिरी किंवा सुरतेकडे गेलेले असते, आणि तिथल्या खाऱ्या हवेने चेसिसच्या, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या खालच्या लोखंडी सांगाड्याच्या आत सुरू केलेले काम गाडी धुळ्या-जळगावात आली म्हणून पुसले जात नाही. म्हणून नंबर प्लेटवर एमएच ०४, एमएच ०८ किंवा जीजे ०५ दिसले की मी आधी खालची बाजू पाहतो. प्लेट इथली असली तरी आरसीवरची मूळ नोंदणी कुठली आहे, हे विचारून घ्यावे.

दुसरे कारण आपल्याच शेतात आहे. काळी माती पाणी धरून ठेवते. पावसाळ्यात ती चाकाच्या कमानीत आणि चेसिसच्या खाचांत थापली जाते, वरून वाळलेली दिसते आणि आतून कितीतरी दिवस ओलसर राहते. त्यातच रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात बोलेरो, सुमोसारख्या गाड्यांतून खताची पोती नेण्याची पद्धत आहे. केळीला पालाश भरपूर लागते आणि त्यासाठी वापरले जाणारे म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे एक क्षारच. फाटक्या पोत्यातून सांडलेला चुरा मागच्या मॅटखाली, सांध्यांत, सीटच्या बोल्टभोवती साचतो, पावसाळी हवेतला ओलावा ओढून घेतो आणि त्यातले क्लोराइड पत्र्याला समुद्रकाठच्या हवेसारखेच खाते. मागची मॅट उचलून पाहिल्याशिवाय शेतावर वापरलेल्या गाडीचा सौदा करू नये, असे मला मनापासून वाटते.

तपासणीसाठी गाडी आधी वॉशिंग सेंटरवर खालून धुऊन घ्यावी आणि पूर्ण वाळू द्यावी. चिखलाखालचे काही दिसत नाही आणि ओल्या लोखंडावर सगळेच काळपट दिसते. मग ती रॅम्पवर किंवा लिफ्टवर घ्यावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. हातात टॉर्च, छोटी हातोडी आणि जुना स्क्रू ड्रायव्हर असला की पुरे. अशा गाड्यांच्या चेसिसचे लांब दांडे आतून पोकळ असतात आणि ते बरेचदा आतूनच कुजतात, त्यामुळे बाहेरचा रंग शाबूत असणे हा कसलाही पुरावा नव्हे. दांड्यावर वीतभर अंतराने हलके ठोके देत जावे. निरोगी लोखंड टणटणीत वाजते. कुजलेल्या जागी आवाज एकदम बसतो आणि पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेल्या भोकातून तांबूस चुरा गळू लागतो.

माझी स्वतःची गाडी मूळची रायगड जिल्ह्यातली आहे. ती घेण्यापूर्वी आम्ही तिला असेच ठोकून पाहिले होते. लांब दांडे खणखणीत निघाले. पण स्टेपनीच्या वरच्या आडव्या पट्टीत, जिथे चाकाने उडवलेला चिखल वर्षानुवर्षे साचत आला होता, तिथे स्क्रू ड्रायव्हरचे टोक लावताच गंज भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा थरांनी निघाला. त्याखालचा पत्रा खडबडीत होता, त्यावर बारीक खड्डे पडले होते, पण टोक आरपार गेले नाही. निर्णय याच फरकावर ठरतो. वरवरचा तांबूस थर घासून जातो. पापुद्रे सुटत असतील तर जाडी किती उरली, हे टोचून पाहावे लागते. भोक पडले असेल, तर ते कुठे पडले आहे हा प्रश्न. फ्लोअरच्या पत्र्यातले भोक दुरुस्त होते: कुजलेला भाग निरोगी लोखंड लागेपर्यंत कापायचा आणि नवा पत्रा वेल्डिंग करून बसवायचा, रिव्हेट मारून किंवा पुटी भरून नव्हे. पण स्प्रिंगचे हँगर (स्प्रिंग चेसिसला टांगणारे भाग), स्टिअरिंग बॉक्सची बैठक, बॉडी माउंट (बॉडी चेसिसवर बसवण्याच्या जागा) किंवा सीट बेल्टचा बोल्ट जिथे धरलेला असतो ती जागा कुजली असेल, तर किंमत कितीही उतरली तरी त्या गाडीचा नाद सोडावा. ब्रेकच्या पाइपवर खड्डे दिसले तर पाइप बदलायचाच. त्याला कोटिंग हा उपाय नाही. सायलेन्सरवरचा तांबूसपणा मात्र नेहमीचाच असतो, त्याने घाबरून जाऊ नये.

सगळ्यांत जास्त सावध मला तुकतुकीत काळे कोटिंग करते. विक्रीच्या तोंडावर खालून मारलेला डांबरी थर गाडी जपल्याचे लक्षण म्हणून दाखवला जातो. प्रत्यक्षात गंज न काढता मारलेला असा थर उघड्या गंजापेक्षा वाईट, कारण त्याखाली शिरलेला ओलावा वाळत नाही आणि पत्रा नजरेआड कुजत राहतो. अशा गाडीला ठोकून पाहू दिले जात नसेल, तर सौदा तिथेच थांबवावा.

इलाजाचा मोठा भाग घासण्यात जातो आणि कामगार नेमका तिथेच घाई करतो, म्हणून त्या वेळी आपण जवळ उभे राहावे. सुटे पापुद्रे हातोडीने पाडून, ग्राइंडरला वायर ब्रश लावून घट्ट लोखंड दिसेपर्यंत घासावे. गॉगल आणि मास्क लावूनच. वेल्डिंग करायचे असल्यास बॅटरीचे टर्मिनल काढावे आणि डिझेलची टाकी व पाइप जवळ असतील तर ते आधी उतरवून घ्यावेत. खड्ड्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिन असलेला रस्ट कन्व्हर्टर पातळ लावावा. तो उरलेल्या गंजाचे स्थिर संयुगात रूपांतर करतो. सुट्या पापुद्र्यांवर मात्र त्याचा काही उपयोग होत नाही. तो पूर्ण वाळल्यावर इपॉक्सी प्रायमर, सांध्यांत सीम सीलर (फटी बुजवणारा लेप) आणि त्यानंतर अंडरबॉडी कोटिंग, म्हणजे खालच्या बाजूचा संरक्षक थर, असा क्रम ठेवावा. पोकळ दांड्यांच्या आत बाहेरचे कोटिंग पोहोचत नाही. तिथे लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत मारायचे मेणासारखे गंजरोधक, फवारावे लागते, आणि जुन्या गाडीत मी या कामाला बाहेरच्या थराइतकेच महत्त्व देतो. पाणी निघण्याची भोके, रबरी बुश, प्रोपेलर शाफ्टचे सांधे, ब्रेकचे भाग आणि सायलेन्सर यांवर थर जाऊ देऊ नये. चेसिसवर कोरलेला नंबर ग्राइंडरखाली येणार नाही, याकडे तर डोळ्यांत तेल घालून लक्ष द्यावे. पुढे आरटीओत नोंदणीचे नूतनीकरण करताना तोच तपासला जातो.

आपल्याकडे हे काम उन्हाळ्यात करणे सोयीचे, कारण सांध्यांतली ओल तेव्हाच खरी सुटते. मात्र मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहूनही तापतो. अशा पत्र्यावर थिनर क्षणात उडून जातो आणि प्रायमर नीट धरत नाही. म्हणून सकाळी लवकर, सावलीत हे काम उरकावे. खालून जळालेले ऑइल मारण्याची आपली जुनी सवयही सोडलेली बरी: त्याने बुश फुगतात, धूळ चिकटते आणि ते ऑइल शेवटी आपल्याच शेतात गळते.

त्यानंतर खत न्यायचे झाल्यास खाली जाड ताडपत्री अंथरावी, पावसाळ्यात चाकांच्या कमानी पाण्याच्या फवाऱ्याने आतून धुवाव्यात आणि बंद झालेली भोके तारेने मोकळी करावीत. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरमध्ये गाडी पुन्हा एकदा रॅम्पवर घेऊन जिथे थर फुगला असेल तेवढीच जागा खरवडावी, वाळवावी आणि प्रायमरपासून पुन्हा झाकावी.